सहाशे फुटांचा प्लॉट, तीनशे फुटांचं घर: परवडेल, पण पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या बाहेरच्या बाजूला २० बाय ३० चा प्लॉट घेऊन ठेवलाय. घरात नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई. कर्ज न काढता २५०-३०० चौरस फुटांचं नेटकं घर बांधायचं मनात आहे. परदेशातल्या चिमुकल्या घरांचे व्हिडिओ बघून बायकोलाही पटलंय. एक मित्र म्हणतो कंटेनर आणून टाका, स्वस्तात काम होईल. गावाकडचे लोक मात्र 'खुराड्यात राहणार का?' म्हणून हसतात. काय करावं?

बांधा. फक्त २५० चा आकडा सोडा आणि ३३० च्या आसपास थांबा. प्लॉटचे उरलेले २७० फूट घराइतकेच जपा. घरकुलापासून दुमजली बंगल्यापर्यंत सगळी कामं मी या भागात केली आहेत. छोटं घर आत जागा कमी म्हणून फसलेलं मी क्वचित पाहिलंय. बाहेर काहीच शिल्लक ठेवलं नाही म्हणून फसलेली घरं मात्र गल्लोगल्ली दाखवता येतील.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. अमेरिकेच्या २०१८ च्या निवासी बांधकाम संहितेत ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी जागेचं, पोटमाळा न धरता, ते 'छोटं घर'. आपल्याकडं प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात पाच-सहा माणसं राहतात आणि त्याचा कुणी व्हिडिओ काढत नाही. ऊसतोडीला गेलेलं बीडचं कुटुंब तर हंगामभर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत काढतं, तिथं आत जायचं तर वाकूनच. तेव्हा छोट्या घराचं कौतुक करताना एवढं लक्षात असू द्या की व्हिडिओतल्या माणसानं ते हौसेनं निवडलंय आणि कंटाळा आला तर त्याला दुसरीकडं जाता येतं. शिवाय बहुतेक व्हिडिओंत एकटा माणूस किंवा जोडपं असतं. आजी, नात आणि महिन्यातून दोनदा येणारे गावाकडचे पाहुणे त्यात नसतात.

तरीही तुमचा विचार चुकीचा नाही. दहा लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला ८,६८० च्या घरात जातो आणि फेडून होईपर्यंत जवळपास २१ लाख जातात. त्या पैशात एखादी खोली जास्त मिळाली असती, बाकी काय? छोट्या घरात झाडलोट अर्ध्या तासात होते, विजेचं बिल आटोक्यात राहतं, आणि भंगार साठवायला जागाच नसल्यामुळं ते साठत नाही. हा शेवटचा फायदा मी गमतीनं सांगत नाही. मोठ्या घरांतली एक खोली हमखास मोडक्या कूलरची आणि जुन्या गाद्यांची असते, आणि तिच्यासाठीही सिमेंट-सळई लागलेली असते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर नंतर ठेकेदाराशी वाद होईल. घर निम्मं केलं म्हणून खर्च निम्मा होत नाही. स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम, नळजोडणी, वायरिंग, पाण्याची टाकी, मुख्य दरवाजा हे तीनशे फुटांतही तेवढंच लागतं आणि सहाशेतही जवळपास तेवढंच. म्हणून चौरस फुटाचा दर चढाच पडतो. एकूण रक्कम कमी होते, हिशोब तिच्यावर करा.

आता मापं. राष्ट्रीय इमारत संहितेत दोन खोल्यांच्या घराला पहिली खोली किमान साडेनऊ चौरस मीटर, दुसरी साडेसात, स्वयंपाकघर पाच आणि संडास-बाथरूम एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर धरतात. फुटांत सांगायचं तर १०२, ८१, ५४ आणि ३०. बेरीज २६७, आणि यात भिंती नाहीत. म्हणजे बाहेरून २५० च्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बसवायचं म्हटलं की प्रत्येक खोलीतून काहीतरी कापावं लागतं, आणि मग पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडत नाही असली घरं तयार होतात. बाहेरून १५ बाय २२ घ्या. सहा इंची ब्लॉकच्या भिंती केल्या तर आत १४ बाय २१, म्हणजे २९४ फूट. मधल्या भिंती वजा जाता वरची बेरीज जेमतेम बसते. हेच नऊ इंची विटेत केलं तर आत २७७ उरतात. सतरा फूट भिंतीत गेले, आणि छोट्या घरात सतरा फूट म्हणजे आईचा पलंग. तरी पश्चिमेची भिंत जाडच ठेवा, त्याचं कारण पुढं येईल.

कंटेनरचं डोक्यातून काढून टाका. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर, आणि संहिता राहण्याच्या खोलीला किमान २.४ मीटर मागते. त्यात उन्हापासून वाचायला आतून थर्माकोल, प्लाय लावला की आणखी चार-सहा इंच गेले. लोखंडी पेटी लातूरच्या एप्रिल-मेमध्ये कशी तापते ते पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. साइट ऑफिस म्हणून आम्ही कंटेनर वापरतो आणि दुपारी बाहेर कडुलिंबाखाली बसतो.

पायाचं बोलू, कारण छोट्या घराचे निम्मे तंटे तिथून सुरू होतात. तुमचा प्लॉट काळ्या मातीवर असणार असं धरून चालतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दुमजली घराचं वजन तिला थोडंफार दाबून तरी धरतं, हलकं घर ती सहज उचलते. म्हणून 'एवढ्याशा घराला कशाला खोल पाया' हे मिस्त्रीचं म्हणणं अगदी उलटं आहे. पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जा. तो फार खोल असेल तर काळी माती काढून मुरूम भरून थरावर थर धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, आणि तिथं इंजिनिअरला एकदा खड्डा दाखवाच. घराभोवती अडीच-तीन फूट फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला काढा, म्हणजे पावसाचं पाणी पायाला मुरणार नाही. न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडणं तर बंदच. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेलं घर दिसलं की मी आधी सांडपाणी कुठं जातं ते बघतो.

भूकंपाचंही इथं सांगावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं, त्यात माणसं मेली ती दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यावरच्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. २००२ च्या मानकात हा परिसर भूकंपाच्या झोन ३ मध्ये गेला. तुमच्या घराला कॉलमचा सांगाडा करा किंवा भारवाही भिंतींचं, म्हणजे छताचं वजन भिंतींवरच पेलणारं करा, दोन्ही चालतं. भारवाही केलं तर जोत्याला, लिंटलला म्हणजे दार-खिडक्यांच्या वर, आणि छताखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे चारी बाजूंनी फिरलेच पाहिजेत. खिडकी आली म्हणून लिंटलचा पट्टा मध्येच तोडणारा मिस्त्री असेल तर त्याला तिथल्या तिथं थांबवा.

किल्लारीनंतर जे पुनर्वसन झालं, ते छोट्या घराबद्दल शिकायला सगळ्यात मोठी शाळा आहे. ५२ गावं नव्या जागी वसवली. शेती किती त्यावर घर ठरलं: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरं भूकंपाला टिकतील अशी होती, रस्ते सरळ आणि रुंद. पण जुन्या गावात त्याच माणसाचं बिऱ्हाड दोन खणांत असलं तरी पुढं ओसरी होती, गोठा होता, कडब्याची जागा होती, चूल मांडायला आडोसा होता. नव्या घरात हे कुठं करायचं, ते नकाशात नव्हतं. आज त्या गावांतून फिरलात तर घरापुढं पत्रा, पत्र्यापुढं पडदी, शेजारी कुडाची न्हाणी असं एकाला एक जोडत गेलेलं दिसतं, आणि मूळ सरकारी घर त्यात शोधावं लागतं. लोकांनी आपापली ओसरी परत बांधून घेतली. तुम्ही ती पहिल्याच दिवशी नकाशात घ्या.

म्हणून प्लॉटची मांडणी मी अशी करीन. पुढं पूर्ण रुंदीची आठ फूट जागा मोकळी, म्हणजे १६० फूट. एका बाजूला पाच फुटांची पट्टी, ती ११० फूट. पुढच्या मोकळ्या जागेतच सहा फुटांची ओसरी, वर पत्रा किंवा मंगलोरी कौलं. भिंत बांधू नका, फक्त दोन खांब आणि बसायला कट्टा. रस्त्याच्या बाजूनं आणि शेजाऱ्याच्या बाजूनं किती जागा सोडावी लागते हे मनपाच्या नियमावलीत बघून मगच आकडे पक्के करा, आणि दुसरी भिंत हद्दीला लावता येत नसेल तर घराची रुंदी कमी करा, ओसरीला हात लावू नका. हिवाळ्यात आई तिथं ऊन खाईल, उन्हाळ्यात रात्री बाज पडेल, पाहुणा आला तर चहा तिथंच होईल. आतल्या खोलीवरचा निम्मा भार ती जागा उचलते.

लातुरात शिकायला आलेल्या लेकरांसाठी आईनं खोली करून राहायचं, हे तर तुमच्या डोळ्यासमोर आहे. अशाच एका दहा बाय बाराच्या खोलीचं ओल काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. आई, बारावीचा मुलगा आणि आठवीतली मुलगी. पलंग चार-चार विटांवर उचललेला, खाली धान्याचे डबे आणि पुस्तकांचे खोके. मुलाच्या टेबलाला तिन्ही बाजूंनी जुन्या साडीचा पडदा, आत छोटा दिवा, म्हणजे बारा वाजेपर्यंत तो वाचला तरी धाकटीच्या डोळ्यांवर उजेड नाही. भाकरी पहाटेच करून ठेवायच्या, कारण नंतर गॅसची धग खोलीतून जात नाही. मी विचारलं, सगळ्यात अडचण कशाची? बाई म्हणाल्या, 'जागेची नाही हो. पोरीला कपडे बदलायचे असले की हा बाहेर जातो, आणि ह्याला राग आला की ह्याला जायला जागा नाही.' पुढं दोन वर्षांनी तुमची मुलगी शाळेत जाईल, पुढं दहा वर्षांनी तिला दार लागेल. दुसरी खोली छोटी असली तरी चालेल, दार लागणारी हवी. सरकतं दार केलं तर उघडण्याची आठ-नऊ फूट जागा वाचते, पण पडद्यावर भागवू नका.

उन्हाळा. छोट्या घरात छताचं ऊन सगळ्या घरभर लागतं, कारण छताखाली नसलेली खोलीच नसते. स्लॅबवर पांढरा चुना दरवर्षी उन्हाळ्याआधी मारा, किंवा एकदाच चिनी मातीच्या फुटक्या टाइल्सचा थर करून घ्या. छताची उंची दहा फुटांखाली नको, अकरा केली तर उत्तम. व्हिडिओत पोटमाळ्यावर झोपायची जागा असते ना, ती थंड देशात ठीक आहे. आपल्याकडं गरम हवा वर चढते आणि वर तापलेला स्लॅब असतो, मे महिन्यात तिथं माणूस झोपू शकत नाही. पोटमाळा करा, गोधड्या आणि पितळी भांडी ठेवायला. पश्चिमेला मोठी खिडकी नको. तिकडची भिंत नऊ इंची घ्या आणि बाथरूम त्या बाजूला टाका, म्हणजे दुपारचं ऊन आधी बाथरूम खाईल. जुन्या माळवदाच्या घरात छताला सानं, म्हणजे झरोका असायचा, तिथून धूर आणि धग दोन्ही जायचे. तेच काम आता स्वयंपाकघरात ओट्याच्या वर उंचावरची जाळी आणि एक्झॉस्ट फॅन करतील. हा फॅन काटकसरीत काढू नका, एका खोलीत फोडणी दिली की दुसऱ्या खोलीत आईला ठसका लागतो. कूलर आपल्या कोरड्या हवेत फार छान चालतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. छोटी खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात चिकचिक होते आणि मग लोक कूलरला नावं ठेवतात.

कूलरला पाणी लागतं, आणि पाणी हाच लातूरचा खरा प्रश्न. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे. चार माणसं, माणशी ८० लिटर, आणि नळ पाच दिवसांनी आला तर १,६०० लिटर साठा हवा, कूलरचं वेगळं. एवढी पिंपं आणि घागरी घरात ठेवल्या की तुमची ८१ फुटांची खोली ६० ची होते. ओसरीखाली जमिनीत टाकी घ्या. आतून ६ बाय ५ आणि ४ फूट खोल केली तर ३,४०० लिटरच्या आसपास मावतं, आणि वर फरशी टाकली की जागा मोकळीच. स्लॅबचं पाणी पाइपनं गाळून त्याच टाकीत सोडा. तुमचं छत ३० चौरस मीटरचं, १०० मिलीमीटर पाऊस पडला की त्यावर ३,००० लिटर पाणी पडतं. फक्त पहिल्या पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या. ड्रेनेजची लाइन नसेल आणि सेप्टिक टँक करावा लागला, तर तो या टाकीपासून प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला. छोट्या प्लॉटवर ही दोन खड्ड्यांची जागा आधी ठरवायची आणि मग घर आखायचं. गवंडी बरोबर उलटं करतात.

सामानाचं म्हणाल तर गावाकडून वर्षाचं धान्य येतं का ते आधी ठरवा. ज्वारी, गहू, तुरीची पाच-सहा पोती आली की छोटं घर गच्च होतं. पूर्वी त्याला जमिनीतलं पेव होतं, भिंतीतलं बळद होतं. आता पलंगाखालचे खण आणि जिन्याखालची जागा एवढंच. दोन-दोन महिन्यांचं आणत जा, बाकी गावातच राहू द्या. भिंती सहा इंची असल्यामुळं कोनाडे निघत नाहीत, त्याऐवजी दाराच्या उंचीवर खोलीभर एक फुटी कडाप्प्याची फळी फिरवून घ्या.

आणि महालक्ष्म्या. हा प्रश्न मला नकाशा काढताना पुरुष कधी विचारत नाहीत, बायका पहिला विचारतात. भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या कुठं बसणार, आणि जेवायला वीस-पंचवीस माणसं आली तर पंगत कुठं? पुढच्या खोलीच्या आतल्या भिंतीला पाच फूट सलग, दार-खिडकी नसलेली जागा ठेवा. एरवी तिथं सोफा-कम-बेड, त्या तीन दिवसांत मखर. पंगत ओसरीत आणि अंगणात. घर छोटं केलं म्हणून कुळाचार थोरल्या भावाकडं गेला, आणि त्यावरून घरात अबोला आला, असंही पाहिलंय. इंजिनिअरनं हे बोलू नये म्हणतात, पण अबोला शेवटी त्याच घरात नांदतो.

आईसाठी दोनच गोष्टी: बाथरूमचं दार अडीच फुटी आणि बाहेर उघडणारं, आणि आत कमोड. उंबरा अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको.

वर मजला चढवायचा विचार असेलच, मुलगी मोठी झाल्यावर असतोच. तर पाया आत्ताच दोन मजल्यांचा घ्या, खर्च थोडा वाढेल. जिना बाहेरून, पाच फुटांच्या पट्टीत. घरात घेतला तर तीस-पस्तीस फूट तोच खाईल. कॉलमच्या सळया वर उघड्या सोडू नका, दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. त्यांच्यावर हलक्या काँक्रीटचा ठोकळा भरून ठेवा, पुढं तो फोडता येतो.

कागदपत्रं बघितलीत का? लातूर काय, संभाजीनगर काय, शहराबाहेरचे असे छोटे प्लॉट बऱ्याचदा गुंठेवारीतले, म्हणजे जमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले तुकडे निघतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ची दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची सोय झाली, तुमचा प्लॉट त्यात बसतो का ते पायाची कुदळ मारायच्या आधी तपासा. आज कर्ज नको असलं तरी उद्या वरच्या मजल्याला बँक मंजूर नकाशा मागेल.

प्लॉटला रस्ता कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पूर्वेला किंवा उत्तरेला असेल तर वरची मांडणी जशीच्या तशी चालेल. पश्चिमेला असेल तर ओसरीवर पत्रा नको, कौलंच घाला, पुढं कडुलिंबाचं नाहीतर करंजाचं एक झाड लावा, आणि बाथरूम पुढच्या बाजूला येऊ न देता उन्हाची ती भिंत ओसरीनंच झाकून घ्या. दक्षिणेला असेल तर पाच फुटांची पट्टी पश्चिमेला येईल असं घर सरकवा, जिना तिकडूनच चढवा, म्हणजे त्याची सावली भिंतीवर पडेल.